विजयाचा वारसा

मोठें घराणें खालावलें म्हणजे भोवतालच्या माणसांच्या मनांत दोन वृत्ति एकदम जाग्या होतात. एक हळहळीची आणि दुसरी, बहुधा बोलून न दाखविलेली, समाधानाची. ज्या वाड्यावरून जातांना आपल्या आज्यानें पागोटें सांवरलें, त्याची भिंत खचलेली पाहून जीव कळवळतो हें जसें खरें, तसेंच आतां त्या दारावरून ताठ मानेनें जातां येतें हेंहि खरें. या दोहोंपैकीं योग्य वृत्ति कोणती? वऱ्हाडच्या माणसाला हा प्रश्न अगदींच परका नाहीं. आज जिल्ह्याचें एक साधें ठिकाण असलेलें वाशीम एके काळीं वत्सगुल्म या नांवानें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. परंतु शतकांपूर्वीं लयास गेलेल्या वैभवाविषयीं हळहळणें सोपें असतें. त्यांत आपलें कांहीं गुंतलेलें नसतें. आपल्या डोळ्यांदेखत एकादें मोठेपण ओसरूं लागतें आणि तें ओसरण्यांत आपलाच कांहीं लाभ असतो, तेव्हां मात्र मनाची खरी परीक्षा होते. अशी परीक्षा गेल्या कांहीं वर्षांत विदर्भांतील क्रिकेटप्रेमी माणसाची झाली आहे.

खेळाचा विषय या पानांत आणावा, हें कांहीं वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु राज्यांच्या आणि घराण्यांच्या ऱ्हासाचा निवाडा करूं गेल्यास साक्षी, पुरावे, पक्षाभिमान यांचा गुंता इतका होतो कीं, मूळ प्रश्न दिसेनासा होतो. खेळांत कोण जिंकलें व किती धावांनीं जिंकलें हें सर्वांस दिसतें. म्हणून मोठेपणावर कोणाचा हक्क असतो आणि तें गेल्याचें दुःख कितपत न्याय्य असतें, हें तपासावयास मैदानाइतकी मोकळी जागा दुसरी नाहीं.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ सालीं सुरू झाली. पहिला करंडक मुंबईनें जिंकला, दुसराहि तिनेंच. पुढें १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षें तो मुंबईच्या बाहेर गेला नाहीं. त्या काळांत वाढलेल्या पिढीला मुंबईचा विजय हा ऋतुक्रमाचाच एक भाग वाटे. १९८४-८५ पर्यंतच्या पहिल्या ५१ हंगामांत मुंबईनें ३० वेळां करंडक मिळविला. त्यानंतरच्या ४० वर्षांत, म्हणजे २०२४-२५ पर्यंत, तिला तो १२ वेळां मिळाला. बारा हा आंकडाहि लहान नव्हे. त्या ४० वर्षांत दुसऱ्या कोणत्याहि संघाला इतके विजय मिळालेले नाहींत. परंतु जें पूर्वीं गृहीत धरलें जाई, तें आतां प्रत्येक वेळीं नव्यानें मिळवावें लागूं लागलें. १९९१ च्या अंतिम सामन्यांत हरियाणानें मुंबईला तिच्याच वानखेडे मैदानावर अवघ्या २ धावांनीं हरविलें. दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले आणि त्यांना अश्रु आवरले नाहींत. २०१६-१७ सालीं गुजरातनें, २०२१-२२ सालीं मध्यप्रदेशानें अंतिम सामन्यांत मुंबईला नमविलें. २०१५-१६ चा ४१ वा करंडक आणि २०२३-२४ चा ४२ वा यांच्यामध्यें आठ वर्षें गेलीं.

या ऱ्हासाचा अर्थ लावावयाचा तर आधीं उत्कर्षाचा अर्थ लावला पाहिजे. मुंबईचें मोठेपण आलें कोठून? त्याचा कांहीं भाग निःसंशय गुणाचा होता. शाळकरी मुलांसाठीं हॅरिस शील्ड, महाविद्यालयांचे आपसांतील सामने, कचेऱ्यांसाठीं टाइम्स शील्ड आणि १९४८ पासून भर पावसाळ्यांत, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाणारी कांगा लीग, अशा पायऱ्या चढत मुलगा वर येई. प्रत्येक पायरीवर त्याच्याहून वयानें व अनुभवानें वडील असा खेळाडू त्याला भेटे. बाद होण्याचा कंटाळा असलेला, प्रतिपक्षाला एक धावहि फुकट न देणारा जो स्वभाव मुंबईकर स्वतःच ‘खडूस’ या शब्दानें कौतुकानें सांगतात, तो कोणा एका गुरूनें शिकविलेला नव्हता. तो या सामन्यांच्या शिस्तींतून अंगीं मुरला.

परंतु दुसरा भाग केवळ सोयीचा होता. आझाद मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क हीं मैदानें त्या नगरीला लाभलीं. बँका, टाटा, ए.सी.सी., निरलॉन यांसारख्या संस्था खेळाडूला नोकरी देत, त्यामुळें पोटाची चिंता न करतां त्याला खेळतां येई. देशांतील बहुसंख्य मुलांना या दोन्ही गोष्टी दुर्लभ होत्या. ज्या काळांत मुंबई सलग १५ वेळां जिंकली, त्या काळांत तिच्याशीं सामना करणारे कित्येक संघ मुळांत अर्ध्या शिदोरीवर निघालेले होते. असा विजय खोटा म्हणतां येणार नाहीं; पण त्यांतील किती श्रेय विजेत्याच्या गुणाचें व किती इतरांच्या वंचनेचें, हा प्रश्न विचारल्यावांचून त्याचा गौरव पुरा होत नाहीं.

येथें तुलनेसाठीं दुसरा एक संघ आठवतो. होळकरांच्या इंदुरास एके काळीं असाच दबदबा होता. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या ११ हंगामांत होळकर संघ १० वेळां अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असे चार करंडक त्यानें मिळविले. त्याचे नायक सी. के. नायडू हे मूळचे नागपूरचे, १८९५ सालीं तेथेंच जन्मलेले. नागपूरचा हा अलौकिक मुलगा राजाश्रयासाठीं इंदुरास गेला, यांतच त्या काळचें सारें अर्थशास्त्र आलें. पुढें संस्थानें गेलीं, आश्रय संपला आणि होळकर हें नांवच स्पर्धेंतून नाहींसें झालें. मुंबईचें तसें झालें नाहीं. मागें पडूनहि ती उभी राहिली, पुन्हा जिंकली. कारण तिचें मोठेपण एका दात्याच्या औदार्यावर नव्हे, हजारों मुलांच्या नित्याच्या संवयीवर उभें होतें. आश्रयाचें मोठेपण आश्रयाबरोबर जातें. संवयीचें मोठेपण पराभवानंतरहि शिल्लक उरतें.

ही गोष्ट आपल्याच देशाची आहे असें नाहीं. अमेरिकेंत महाविद्यालयीन फुटबॉलला—हा आपल्याकडील फुटबॉल नव्हे, हातांत चेंडू घेऊन धावण्याचा व झोंबण्याचा खेळ आहे—आपल्याकडील रणजी सामन्यांहून कितीतरी अधिक मान आहे. त्या खेळाच्या आरंभकाळीं येल, हार्वर्ड व प्रिन्स्टन या विद्यापीठांचें साम्राज्य होतें. पुढें मोठालीं सरकारी विद्यापीठें व भव्य प्रेक्षागृहें उभीं राहिलीं आणि तें साम्राज्य गेलें. शिकागो विद्यापीठाची कथा तर विशेष मननीय आहे. अलोन्झो स्टॅग या शिक्षकानें १८९२ पासून चाळीस वर्षें तेथील संघ घडविला. पुढें हाइझमन या नांवानें प्रसिद्ध झालेलें पारितोषिक १९३५ सालीं प्रथम दिलें गेलें, तें शिकागोच्याच जे बरवँगर या खेळाडूला मिळालें. परंतु चारच वर्षांनीं, १९३९ सालीं, मिशिगननें याच विद्यापीठाचा ८५-० असा पराभव केला. त्याच वर्षाअखेर अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या आग्रहानें विद्यापीठानें त्या स्पर्धांतून आपलें अंग काढून घेतलें. ज्ञानार्जन हें आपलें प्रयोजन आहे, करमणूक नव्हे, असा त्यांचा विचार होता. शिकागो विद्यापीठाची विद्येंतील प्रतिष्ठा त्यानें तिळमात्र उणावली नाहीं. मोठेपण गेल्याचें दुःख करण्यापूर्वीं तें मोठेपण कशासाठीं होतें, हें स्वतःस विचारण्याचें धैर्य ज्याला असतें, त्याला ऱ्हासहि लाजिरवाणा वाटत नाहीं.

मग मुंबईचें मोठेपण कशासाठीं होतें? करंडक कपाटांत ठेवण्यासाठीं, कीं खेळाची एक विद्या जतन करण्यासाठीं? या प्रश्नाचें उत्तर, आमच्या मतें, विदर्भाच्या उदयाकडे पाहिल्यावांचून मिळत नाहीं.

विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेंत प्रथम उतरला तो १९५७-५८ सालीं. त्यानंतर ६० वर्षें त्याच्या वांट्याला करंडक आला नाहीं. मोठ्या संघांच्या वेळापत्रकांतील एक सोपा सामना, एवढीच त्याची ओळख होती. २०१७-१८ च्या हंगामांत फैज फजल यांच्या नेतृत्वाखालीं या संघानें अंतिम सामन्यांत दिल्लीला ९ गडी राखून हरविलें, तेंहि इंदुरास, होळकरांचेंच नांव धारण करणाऱ्या मैदानावर. पुढच्याच वर्षीं नागपुरास सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. २०२३-२४ सालीं वानखेडे मैदानावर मुंबईनें विदर्भाला १६९ धावांनीं हरविलें. पण त्या सामन्यांत ५३८ धावांचें जवळजवळ अशक्य लक्ष्य समोर असतां विदर्भ ३६८ धावांपर्यंत पोंचला आणि कर्णधार अक्षय वाडकर यांनीं शतक केलें. दुसऱ्या वर्षीं उपांत्य सामन्यांत नागपुरास विदर्भानें मुंबईला ८० धावांनीं मागें सारलें आणि केरळाविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित ठेवून पहिल्या डावांतील आघाडीवर तिसरा करंडक मिळविला.

विदर्भाच्या पहिल्या दोन विजयांचे शिल्पकार कोण होते? प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. ते मुंबईचे, शिवाजी पार्कावर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखालीं शिकलेले. संघांतील तरुणांसमोर रोज फलंदाजीचा वस्तुपाठ ठेवणारे वासिम जाफर, तेहि मुंबईचेच. वयाच्या चाळिशींत, २०१८-१९ च्या हंगामांत, त्यांनीं विदर्भासाठीं हजाराहून अधिक धावा काढल्या. २०२१-२२ सालीं ज्या मध्यप्रदेशानें अंतिम सामन्यांत मुंबईला हरविलें, त्याचेहि प्रशिक्षक पंडितच होते. म्हणजे ज्याला आपण मुंबईचा ऱ्हास म्हणतों, तो पुष्कळ अंशीं मुंबईच्या विद्येचा प्रसार आहे. शिष्याकडून हार पत्करण्यांत गुरूला धन्यता वाटावी, असें आपले पूर्वज मानीत आले. नगराला ती धन्यता वाटण्यास वेळ लागतो, कारण नगराला अहंकार असतो आणि वर्तमानपत्रें तो जागा ठेवतात. तरीहि जी विद्या फक्त चार मैदानांच्या कुंपणांत जगते, तिला विद्या म्हणण्यापेक्षां मक्तेदारी म्हणणें अधिक यथार्थ होईल. ती दुसऱ्याच्या अंगणांत रुजली, हाच तिच्या खरेपणाचा पुरावा.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, हा उसना विजय आहे. बाहेरून गुरु आणावे, जाफर यांच्यासारखे किंवा कर्नाटकांतून आलेल्या करुण नायर यांच्यासारखे तयार खेळाडू घ्यावे आणि मग भूमीचा अभिमान मिरवावा, यांत कोणता पराक्रम? आक्षेपांत तथ्य आहे. पाहुण्यांनीं भरलेल्या पंगतीला घरचें जेवण म्हणतां येत नाहीं. परंतु पाहुणा जेवून जातो कीं स्वयंपाक शिकवून जातो, हें पाहिलें पाहिजे. २०२४-२५ च्या विजयांत यश राठोड, दानिश मालेवार या तरुणांनीं धावा केल्या आणि हर्ष दुबे यांनीं एका हंगामांत ६९ गडी बाद करून स्पर्धेचा नवा उच्चांक स्थापिला. हीं विदर्भाच्या मैदानांवर तयार झालेलीं माणसें आहेत. आणि देणेंघेणें आतां एकाच दिशेनें चालत नाहीं. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यांत विदर्भाला जिंकून देणारे आदित्य सरवटे २०२४-२५ च्या अंतिम सामन्यांत केरळाकडून खेळले आणि विदर्भाविरुद्ध त्यांनीं ७९ धावा केल्या. सामना रंगला तो त्यामुळेंच. ज्यानें घेतलें त्यानें दिलें, हा व्यवहार शुद्ध आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सारे समान झाले कीं सारेच सामान्य होतात. शिखर सपाट केल्यानें दरी भरत नाहीं, फक्त उंचीची कल्पना लोपते, असें कित्येक विचारी माणसें म्हणतात. मुंबईच्या भरभराटीच्या काळीं दुबळ्या संघाचा खेळाडू तिच्याविरुद्ध अर्धशतक करी तर तें त्याला जन्मभर पुरे. तो मानदंड गेला तर मोजावें कशानें? या भीतीची आम्ही थट्टा करणार नाहीं. वेंगसरकरांचे अश्रु हे केवळ एका सामन्याचे नव्हते, आणि ज्याला त्यांचा अर्थ कळत नाहीं त्याला विदर्भाच्या आनंदाचाहि अर्थ कळणार नाहीं. तथापि मानदंड हा एकाच नगराच्या मालकीचा असला पाहिजे, हें कोठें सिद्ध झालें? २०२३-२४ सालीं मुंबईनें करंडक परत मिळविला तो ५३८ धावांच्या पाठलागाला निघालेल्या, पांचव्या दिवसापर्यंत न नमलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध. सलग पंधरा करंडकांच्या काळांतील एकाद्या सहज विजयापेक्षां हा एक विजय मुंबईच्या गुणाची अधिक कसोटी पाहणारा होता, असेंच आम्हांस वाटतें. तुल्यबळ शत्रूवांचून शौर्याचें माप होत नाहीं.

तेव्हां जुन्या विजेत्याला काय द्यावें? कृतज्ञता द्यावी, ती त्याची आहे. त्याच्या संवयी, त्याची शिस्त, त्याच्या कथा जतन कराव्या. पण विजय देऊं नये, आणि तो न मिळाल्याबद्दल त्याच्यावर अन्याय झाला असेंहि मानूं नये. वारशानें घर मिळतें, जमीन मिळते; पुढच्या मोसमांतील धावा वारशानें मिळत नाहींत. इतरांना संधि नव्हती म्हणून जें मोठेपण टिकलें, तें संधि मिळतांच गेलें तर तो ऱ्हास नव्हे, उशिरा झालेला न्याय आहे. मात्र विद्या, निष्ठा, शिस्त यांच्या बळावर जें मोठेपण उभें राहिलें, तें आळसानें किंवा लोभानें गेलें तर ती सर्वांची हानि आहे, जिंकणाऱ्याचीहि. पंडित व जाफर यांनीं दिलेली विद्या मुंबईच्याच मुलांना मिळेनाशी झाली, तर त्या दिवशीं विदर्भानेंहि सुतक पाळावें.

इथपर्यंतचा विचार विदर्भाच्या कानाला गोड लागणारा आहे. म्हणूनच येथें थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. आम्ही मंगरूळपीरकर माणसें. मुंबई आमच्यापासून पांचशे किलोमीटरांहून दूर. पण नागपूरहि दोनशेंहून अधिक दूर आहे. १९०५ सालीं वाशीम जिल्हा मोडला तेव्हां आमचा तालुका अकोल्याला जोडला गेला, आणि १९९८ सालीं जिल्हा पुन्हा झाला तेव्हां परत वाशिमास आला. मुख्य ठिकाणापासून दूर असणें म्हणजे काय, हें अशा गांवाला कोणी शिकवावें लागत नाहीं. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरांत टेनिसचा चेंडू घेऊन खेळणारीं पोरें आमच्याकडे आहेत. त्यांच्या दृष्टीनें नागपूर म्हणजेच मुंबई. वसतिगृह, प्रशिक्षक, हिरवळीची खेळपट्टी, निवड करणाऱ्यांची नजर, हें सारें तेथें. येथें उत्साह आणि उन्हाळा.

विदर्भाकडून खेळून कसोटी सामन्यांत उतरलेले पहिले खेळाडू उमेश यादव. ते खापरखेड्याचे, कोळशाच्या खाणींतील कामगाराचे पुत्र. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारापर्यंत ते टेनिसच्या चेंडूनेंच खेळत होते, आणि २०११ सालीं ते भारताकडून कसोटी खेळले. ही कथा आम्हीं सर्वांनीं अभिमानानें सांगितली आहे. पण अभिमानाबरोबर तिनें अस्वस्थताहि वाटावयास हवी. एक माणूस नजरेस पडला. किती पडले नसतील? खापरखेडें तर नागपूरच्या वेशीवरचें गांव आहे. तेथूनहि नजरेस पडावयास वीस वर्षें लागत असतील, तर रिसोड, मानोरा किंवा मंगरूळपीर येथून किती लागावीं?

साठ वर्षें विदर्भानें ज्या तक्रारी मुंबईविषयीं केल्या, त्या आज नागपूरविषयीं करण्याचा हक्क विदर्भांतील दूरच्या तालुक्यांना आहे. नव्या विजेत्यानें जुन्या विजेत्याच्या जागीं बसून त्याचेच दोष आपलेसे केले, तर करंडकाचें घर बदललें, एवढेंच झालें म्हणावें लागेल. न्याय झाला असें म्हणतां येणार नाहीं. मुंबईनें आपली विद्या, आपखुषीनें असो वा नाइलाजानें, बाहेर जाऊं दिली. नागपूरनें ती आपखुषीनें द्यावी. एकादा चांगला प्रशिक्षक वर्षांतून चार महिने वाशीम जिल्ह्यांत राहिला, तालुक्याच्या ठिकाणीं एक बरी खेळपट्टी झाली, निवडीचा एक सामना इकडे खेळविला गेला, तर त्यानें विदर्भाच्या संघाचें कांहीं उणें होणार नाहीं.

आणि आम्हांसहि एक गोष्ट आपल्या मुलांना सांगावी लागेल. मुंबई हरली म्हणून टाळ्या पिटण्यांत गैर कांहीं नाहीं. खेळ त्यासाठींच आहे. पण टाळ्या थांबल्यावर त्यांनीं कांगा लीगची गोष्ट ऐकावी, चिखलांत उभें राहून चेंडू खालीं ठेवण्याची ती संवय काय होती हें समजून घ्यावें, आणि संध्याकाळीं वावरांत गेल्यावर तशीच पायाची ठेवण करून पाहावी.